हे पीक खरं की खोटं, कोण सांगणार?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय 34. निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. घरची द्राक्षं एक्सपोर्टला जातात. रसायनशास्त्रात एम.एस्सी., पुण्यात प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे प्रथिनांच्या अभ्यासात, पीएचडी, मग जर्मनीत साडेतीन वर्षं पोस्टडॉक. नवऱ्याची नोकरी पुण्यात आणि मुलगी तीन वर्षांची, म्हणून गेल्या वर्षी परत आली. प्राध्यापकपदासाठी चार ठिकाणी अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या, निवड झाली नाही. एका फेलोशिपचा निकाल यायचा आहे. सध्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या मास स्पेक्ट्रोमेट्री सेंट्रल फॅसिलिटीची, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या सामायिक यंत्रांची, जबाबदारी, तीन वर्षांच्या करारावर. दुसरी, बायोसिमिलर औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅनालिटिकल विभागातली नोकरी. पगार बराच जास्त. जर्मनीतल्या पाच पेपरांत तिचं नाव आहे, पण पहिलं नाव एकातच. बाकीच्यांबद्दल ती लिहिते, 'मी फक्त दुसऱ्यांचे सॅम्पल चालवून दिले.' फॅसिलिटीत गेले तर जन्मभर मशीन ऑपरेटर राहीन, कंपनीत गेले तर विज्ञान सुटेल, थांबले तर वय निघून जाईल, असं तिला वाटतं. दिवाळीत वडिलांनी विचारलं, 'मशीनच सांभाळायचं होतं तर एवढी वर्षं शिकलीस कशाला?' त्यावर काय बोलावं तेही तिला सुचलं नाही.

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही 'तू'च म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. चार पानांत प्राध्यापक होण्याविषयी जेमतेम तीन ओळी आहेत, आणि त्याही 'गाईड म्हणायचे', 'बॅचमधले सगळे लागले' अशा, दुसऱ्यांच्या तोंडच्या. उलट जर्मनीत एका प्रयोगातले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, वाटेत कुठे गळतात हे शोधताना ते ट्यूबच्या प्लॅस्टिकलाच चिकटून बसतात हे तुला कसं सापडलं, यावर दीड पान आहे. ते दीड पान लिहिताना तुझं अक्षरसुद्धा मोकळं झालं आहे. हा हिशोब तू स्वतः केला नसशील, म्हणून आधी तो तुझ्यापुढे ठेवते.

आणि एक शब्द खटकला. 'फक्त' सॅम्पल चालवले. या 'फक्त'बद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण याच शब्दापायी माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती.

मी मास स्पेक्ट्रोमेट्रीत सव्वीस वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयाशी जोडलेला प्रकल्प आमच्याकडे आला. रुग्णांच्या रक्ताचे चाळीस सॅम्पल आणि निरोगी माणसांचे चाळीस. रुग्णांचे आधी आले, म्हणून आधी चालवले. मध्ये कॉलम, म्हणजे सॅम्पल ज्यातून जातं ती बारीक नळी, चोक झाला, नवा लावला, सोर्स, म्हणजे मशीनचं तोंड, साफ केला, आणि तीन आठवड्यांनी निरोगी माणसांचे चालवले. दोन्ही गटांत सुरेख फरक दिसला. त्यावर एका परिषदेत पोस्टर झालं, पुढच्या निधीसाठी अर्ज गेला. दोन्ही गट मिसळून चालवायला हवे होते हे मला पहिल्या दिवशीच कळत होतं. पण बोलले नाही. आपलं काम रन लावून द्यायचं, प्रयोग कसा आखायचा ते मोठी माणसं ठरवतात, अशी माझी पक्की समजूत होती. वर्षभराने तेच सॅम्पल आलटून पालटून पुन्हा चालवले आणि तो फरक नाहीसा झाला. जुन्या कॉलमवर आणि नव्या कॉलमवर चालवल्यामुळे पडलेला फरक होता तो. आजाराशी त्याचा काही संबंध नव्हता. सुई टोचून घेऊन रक्त देणारी ती ऐंशी माणसं मी कधी पाहिली नाहीत. पण त्यांच्या रक्ताचं आपण काय केलं, ही रुखरुख अजून जात नाही.

या विषयाच्या इतिहासात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे, आणि ते तुझ्या पिढीने विसरू नये असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी 2002 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला. रक्तातल्या प्रथिनांच्या मास स्पेक्ट्रमवरून, म्हणजे वस्तुमानांच्या आलेखावरून, अंडाशयाचा कर्करोग ओळखता येतो, असा त्यात दावा होता. ओळख लपवून दिलेल्या सॅम्पलपैकी कर्करोगाचे 50 पैकी 50 बरोबर ओळखले, बाकीच्या 66 पैकी 63 बरोबर. हा आजार बहुतेक वेळा उशिरा सापडतो. त्यामुळे या आकड्यांनी किती घरांत आशा जागवली असेल याची कल्पना कर. त्यावर आधारलेली चाचणी बाजारात आणायची तयारीही सुरू झाली. मग ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खुला केलेला डेटा पुन्हा तपासला. दोन गटांत फरक दिसत होता खरा, पण तो स्पेक्ट्रमच्या अशा भागातही दिसत होता जिथे निव्वळ गोंगाट असतो, जिथे शरीरातलं काही दिसायलाच नको. म्हणजे सॅम्पल ज्या रीतीने हाताळले आणि चालवले गेले, तिचाच ठसा आजार म्हणून वाचला गेला असण्याची दाट शक्यता होती. ती चाचणी बाजारात आली नाही.

आता सांग, कोणत्या क्रमाने सॅम्पल लावायचे, मध्ये ब्लँक, म्हणजे सॅम्पलविना रिकामे रन, किती घ्यायचे, कॉलम बदलल्यावर आधीचे रन ग्राह्य धरायचे की नाही, हे ठरवणं 'फक्त' आहे का?

आमच्या भाषेत आलेखावरच्या सुळक्याला पीक म्हणतात. तुझ्या घरी पीक म्हणजे दुसरंच, पण दोन्हीकडे एक प्रश्न सारखा आहे: हे जे दिसतंय ते खरं किती? इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. प्रोटिओमिक्समध्ये पेशीतली किंवा रक्तातली प्रथिनं ट्रिप्सिन नावाच्या विकराने कापतात. ते लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढे कापतं. तयार झालेले तुकडे, म्हणजे पेप्टाइड, केसासारख्या बारीक कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, विद्युतभारित फवाऱ्यातून मशीनमध्ये शिरतात आणि तिथे त्यांचं वस्तुमान मोजलं जातं. मग त्यांतल्या काहींना पुन्हा फोडून त्या तुकड्यांचं वस्तुमान घेतात. पेप्टाइडचं नाव काही मशीन सांगत नाही. ते सॉफ्टवेअर अंदाजाने लावतं. अंदाज किती चुकतात हे पाहण्यासाठी खऱ्या प्रथिनांच्या यादीशेजारी उलट्या क्रमाची एक खोटी यादी ठेवतात आणि खोट्या यादीत किती जुळण्या सापडतात ते मोजतात. साधारण एक टक्का चूक चालवून घ्यायची असा रिवाज आहे. तो एक टक्का नेमका कुठे लपला आहे हे ओळखायला मात्र अनुभवी नजर लागते. त्यात रक्तासारखं सॅम्पल असलं तर एकूण प्रथिनाच्या निम्म्याच्या आसपास एकटं अल्ब्युमिन, आणि त्याच्या तुलनेत काही प्रथिनं एक हजार कोटी पटींहून कमी. वरून आपल्याच त्वचेतलं, धुळीतलं, लोकरी स्वेटरमधलं केरॅटिन नावाचं प्रथिन येऊन बसतं.

ही नजर नसली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या अभिमानाच्या गोष्टीतच आहे. 29 मे 2014 च्या 'नेचर'मध्ये मानवी प्रोटिओमचे, म्हणजे माणसाच्या शरीरातल्या सगळ्या प्रथिनांचे, दोन कच्चे नकाशे एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक म्युनिकच्या गटाचा. दुसरा अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली जॉन्स हॉपकिन्स आणि बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स यांचा. त्यात 30 प्रकारच्या ऊती आणि पेशींचे सॅम्पल तपासून 17,294 जनुकांची प्रथिनं सापडल्याचं नोंदवलं होतं, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या ज्ञात जनुकांपैकी सुमारे 84 टक्के. बंगळुरूतल्या तरुण मुलामुलींनी यात केलेल्या कष्टांचं मोल मोठं आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. पण पुढच्या काही महिन्यांतच दुसऱ्या संशोधकांनी बोट ठेवलं: दोन्ही नकाशांत वास ओळखणारी रिसेप्टर प्रथिनं मोठ्या संख्येने कशी? नाकातली ऊती तर कुणीच घेतलेली नव्हती. डेटा खुला होता म्हणून तो तपासता आला, नियम कडक झाले, आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय मानवी प्रोटिओम प्रकल्पाने नव्वद टक्क्यांहून जास्त प्रथिनांचा आराखडा कडक निकषांवर मांडला. 'हे पीक मला पटत नाही' असं स्पेक्ट्रमकडे बघून म्हणणारी माणसं होती म्हणून हे झालं. तू त्यांच्यातली आहेस. ट्यूबच्या प्लॅस्टिकपर्यंत पोचलेली मुलगी दुसरी कोण असणार?

आता तुझ्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळते: स्वतःची लॅब असलेला तोच शास्त्रज्ञ. आपल्याकडे हे इतकं रुजलंय की वेगळं उदाहरण दिलं की लोक अपवाद म्हणतात. पण या क्षेत्राचा पायाच उपकरणाशी झटणाऱ्या माणसांनी घातलेला आहे. क्योटोच्या शिमाझू कंपनीतले कोइची तानाका विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर होते. पीएचडी नव्हती. मोठे रेणू न तुटता हवेत उडवायचे कसे, यावर ते काम करत होते. 1985 मध्ये एकदा कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत अ‍ॅसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन पडलं. महाग भुकटी वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांनी ते मिश्रण फेकलं नाही, मशीनला लावून पाहिलं, आणि जे दिसलं त्याकडे दुर्लक्ष केलं नाही. 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना जॉन फेन आणि कुर्त व्यूथरिख यांच्याबरोबर विभागून मिळालं. तेव्हा ते 43 वर्षांचे होते आणि त्याच कंपनीत अभियंता होते. ज्या इलेक्ट्रोस्प्रेवर, म्हणजे त्या विद्युतभारित फवाऱ्यावर, तू रात्री जागवल्यास तो प्रथिनांसाठी वापरण्याजोगा करणारे फेन तर येलमधून वयाच्या सत्तरीत सक्तीने निवृत्त झाले होते; मोठ्या रेणूंवरचा त्यांचा गाजलेला पेपर त्यानंतरचा, 1989 चा.

या गोष्टी मी तुला धीर द्यायला सांगत नाही. धीर द्यायचा असता तर इथेच थांबले असते. याच इतिहासात दुसरी बाजूही आहे. मोठे रेणू न तुटता उडवायला आज जगभरच्या लॅबमध्ये मॅल्डी या नावाने जे तंत्र वापरतात ते जर्मनीतल्या फ्रान्झ हिलेनकॅम्प आणि मिखाएल कारास यांनी घडवलं, आणि त्यांना ते नोबेल मिळालं नाही. पद्धती घडवणाऱ्यांना श्रेय मिळतंच असं नाही. म्हणून श्रेयाची सोय आधी लिहून घ्यावी लागते. तुझ्या निर्णयातला अवघड भाग तो आहे, आणि त्याबद्दल तू पत्रात एक अक्षरही लिहिलेलं नाहीस.

तुझी फॅसिलिटीची भीती निराधार नाही. अशा जागांवर माणसं खरोखर झिजतात. सकाळी सॅम्पलची रांग, संध्याकाळी 'माझा रिझल्ट कधी?' म्हणून तीन फोन, दर आठवड्याला नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप किंवा एसी यांपैकी कशाची तरी तक्रार. तीन वर्षं संपतात, शंभर लोकांचं काम झालेलं असतं, आणि बायोडेटात दाखवायला पेपराच्या शेवटच्या आभाराच्या ओळी. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्याच खुर्चीवर बसून संस्थेतल्या प्रत्येक प्रयोगाच्या आखणीत ज्यांचा शब्द आधी विचारला जातो अशी माणसंही मी पाहिली आहेत. दोघांच्या हुशारीत मला काही कमीजास्त दिसलं नाही. कामावर रुजू होण्याआधी काय ठरलं होतं, त्यावर पुढचं सगळं गेलं.

म्हणून होकार कळवायच्या आधी या गोष्टी विचार, आणि उत्तरं ईमेलवर घे.

सर्वात आधी पदाचं नाव. सरकारी संस्थांत शास्त्रज्ञ आणि तांत्रिक अशा दोन वेगळ्या शिड्या असतात. सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेत तर गट तीन तांत्रिक आणि गट चार वैज्ञानिक असं स्पष्ट आहे. एका शिडीवरून दुसरीवर बढतीने जाता येत नाही, नव्याने निवड व्हावी लागते. करारावरच्या पदाचं नाव 'सायंटिस्ट' आहे की 'टेक्निकल', आणि तो करार प्रकल्पाच्या पैशातून आहे की संस्थेच्या, हे तीन वर्षांनी फार मोठं होऊन समोर येतं. पगार रिसर्च असोसिएटच्या दराशी ताडून बघ. केंद्राच्या 2023 च्या दरपत्रकात तो महिना 58,000 ते 67,000 रुपये अधिक घरभाडे आहे. पोस्टडॉक करून आलेल्या आणि कोट्यवधींचं यंत्र सांभाळणाऱ्या व्यक्तीला त्याहून कमी देऊ करत असतील, तर संस्था त्या खुर्चीकडे कशी पाहते ते तिथेच कळलं.

मग वेळ. मशीनच्या वेळेपैकी पाचवा हिस्सा तुझ्या स्वतःच्या पद्धती विकसित करायला राखून मिळेल का? आठवड्यातला एक दिवस, रांग कितीही असली तरी. हा मुद्दा मी कुणासाठीही सोडणार नाही. पद्धती विकसित न करणारी फॅसिलिटी पाच वर्षांत शिळी होते, हे संचालकांनाही पटवून देता येतं.

श्रेयाचा नियम तूच लिहून ने. ठरलेलं शुल्क भरून ठरलेला रन करून दिला तर आभार पुरेत. प्रयोग आखण्यात किंवा डेटाचा अर्थ लावण्यात तुझा हात असेल तर लेखकांत नाव. आणि हे सॅम्पल घेतानाच्या फॉर्मवर छापलेलं असावं, पेपर लिहून झाल्यावर मागायची वेळ येऊ नये. ऐनवेळी नाव मागणं फार अपमानाचं वाटतं. आधी छापलेलं असलं तर कुणालाच काही वाटत नाही. त्याच फॉर्मवर आणखी एक ओळ घाल: सॅम्पल आणण्यापूर्वी अर्ध्या तासाची भेट सक्तीची. किती गट, किती प्रती, कोणत्या क्रमाने. ऐंशी सॅम्पलच्या त्या प्रकल्पाआधी अशी अर्ध्या तासाची भेट झाली असती तर माझं तोंड उघडलं असतं.

वॉरंटीनंतर एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे कोण भरणार, हेही विचार. संकोच वाटेल, पण विचार. यंत्र घ्यायला निधी मिळतो आणि सांभाळायला मिळत नाही, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. बंद पडलेल्या मशीनची प्रमुख म्हणून तीन वर्षं काढलीस तर तुझ्या उमेदीच्या वर्षांचं मातेरं होईल. आणि तुझ्याबरोबर दुसरं माणूस आहे का? मुलगी तीन वर्षांची आहे, ती आजारी पडणार. दुसरं माणूस नसेल तर प्रत्येक तापाला तुझ्या छातीत धडकी भरेल, आणि मग आपणच कमी पडतोय असं तुला वाटायला लागेल. तेव्हा ते तुझं कमी पडणं नसेल. एका माणसावर चालणारी फॅसिलिटी मुळातच चुकीची आखलेली असते.

आता कंपनी. तिथे विज्ञान सुटतं, हे तिसरं गृहीतक. बायोसिमिलर म्हणजे मूळ जैविक औषधाशी शक्य तितकं सारखं केलेलं औषध. जिवंत पेशींत बनत असल्यामुळे ते हुबेहूब तेच कधीच नसतं. किती सारखं आहे हे दाखवण्याचा मोठा भार मास स्पेक्ट्रोमेट्रीवर असतो. पेप्टाइड मॅपिंग करायचं, प्रथिनाला चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या मोजायच्या, ज्या पेशींत औषध बनवलं त्यांची उरलीसुरली प्रथिनं किती ते पाहायचं. बायोकॉन आणि मायलन या कंपन्यांच्या ट्रास्टुझुमॅब या बायोसिमिलरला डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगावरचं हे औषध. अशा मान्यतेच्या फायलींत हजारो पानं अ‍ॅनालिटिकल कामाची असतात आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याला प्रश्न विचारला जातो. संशोधन संस्थेत तुझी चूक एखाद्या पेपरात वर्षानुवर्षं झाकून राहू शकते, तिथे ती पुढच्या बॅचला उघडी पडते. मला त्या शिस्तीबद्दल आदर आहे. किंमतही आहे: बहुतेक काम प्रसिद्ध करता येत नाही, तीच पद्धत महिनोन्‌महिने तशीच चालवावी लागते, कागदपत्रांत दिवस जातात. तुला नवं शोधण्याची ओढ आहे, म्हणून तिथे दोन-तीन वर्षांनी घुसमट होऊ शकते. पण ते अधःपतन आहे असं समजून जाऊ नकोस, आणि गेलीस तर पेपरांची यादी थांबली म्हणून मनातल्या मनात झुरूही नकोस.

थांबण्याच्या पर्यायाबद्दल थोडक्यात. फेलोशिपचा निकाल येईल तेव्हा येईल. इतर वाचकांपैकी जे अजून परदेशात आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा: रामानुजन आणि रामलिंगस्वामी या परतीच्या योजना मुळात बाहेर काम करणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या अटी वाचा. बऱ्याच योजनांत महिलांना वयात सवलत असते, राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये ती पाच वर्षांची आहे. 'वय निघून गेलं' हे अंदाजाने ठरवण्याआधी प्रत्येक जाहिरातीतली ती ओळ बघायची. पण नुसतं वाट बघत घरी बसणं मला तुझ्यासाठी अजिबात पसंत नाही. या विद्येत हात लवकर गंजतो. जितके दिवस घरी आहेस तितके दिवस एक काम कर. इंग्लंडमधल्या हिंक्स्टनच्या युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या प्राइड या संग्रहात हजारो प्रयोगांचा कच्चा डेटा मोफत पडलेला आहे. मॅक्सक्वांट, डीआयए-एनएन, स्कायलाइन ही सॉफ्टवेअर संशोधनासाठी पैसे न मोजता मिळतात. तुझ्या विषयातला एक जुना डेटासेट घे, पुन्हा तपास, कुठलं पीक पटत नाही ते लिही. बॅगर्लींनी दुसऱ्यांचा डेटा घेऊन हेच केलं, त्यासाठी त्यांना स्वतःचं मशीन लागलं नाही. आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जेमतेम येत असेल तर याच निमित्ताने पक्कं होईल. फॅसिलिटी असो, कंपनी असो की पुन्हा प्राध्यापकपदाची मुलाखत, पेप्टाइडही कळतात आणि संख्याशास्त्रही कळतं असं माणूस सगळ्यांना हवं असतं, आणि ते सहज मिळत नाही.

माझं मत विचारलंस, तर स्पष्ट सांगते. पदाचं नाव, राखीव दिवस आणि श्रेयाचा नियम, या तीन गोष्टी संस्थेने लेखी दिल्या तर फॅसिलिटी घे. फेलोशिप नंतर मिळाली तरी ती त्याच संस्थेत आणता येईल का, हेही आताच विचारून ठेव. तिन्हींपैकी दोन नाकारल्या तर कंपनीत जा, आणि मागे वळून बघू नकोस. अर्धवट अटींवर 'निदान संशोधनात तरी आहे' म्हणून फॅसिलिटी धरून ठेवणं, हा एकच पर्याय मला तुझ्यासाठी वाईट वाटतो. त्याच वाटेवर तुला भीती वाटते तशी ऑपरेटर होशील.

राहिले वडील. त्यांच्या प्रश्नाने तू दुखावलीस, पण मला वाटतं तुझं काम समजू शकणारं तुझ्या घरात सर्वात जवळचं माणूस तेच आहेत. एक्सपोर्टच्या प्लॉटमधून सॅम्पल काढून नेलं की रेसिड्यूचा, म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशांचा, रिपोर्ट येईपर्यंत ते कसे अस्वस्थ असतात, हे तू लहानपणापासून पाहिलं असशील. तो रिपोर्ट एलसी-एमएस आणि जीसी-एमएस या मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रांवरच निघतो. देशातल्या त्या तपासणीचं मार्गदर्शन करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तुझ्या पुण्यातल्या घरापासून तासाभरावर, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. 2010 मध्ये लिहोसीनचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले होते. निफाडच्या बागायतदाराला ते साल सांगावं लागणार नाही. वर्षभराची छाटणी, डिपिंग, विरळणी, कर्ज, सगळं एका पिकावर, म्हणजे आलेखावरच्या पिकावर येऊन ठेपलं होतं. असं यंत्र सहसा ज्या रसायनांची यादी दिली तीच शोधतं. यादीत काय असावं आणि आलेला आकडा विश्वासाचा आहे का, हे माणूसच ठरवतो. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा त्यांच्याकडचा जुना रिपोर्ट मागून घे आणि त्यांच्याशेजारी बसून ओळीने समजावून सांग. मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे काय, एमआरएलच्या, म्हणजे चालणाऱ्या कमाल अंशाच्या, खाली ०.०१ आला म्हणजे नेमकं काय दिसलं, आणि खाली सही करणाऱ्याला सही करण्यापूर्वी काय काय तपासावं लागतं. 'मशीन सांभाळणं' म्हणजे काय हे ते तुझ्याकडून कधीच ऐकू शकले नसतील, कारण तूही त्याला आजवर 'फक्त' म्हणत आलीस.

संस्थेत बोलणी करायला जाशील तेव्हा खोलीत बसून चहा घेण्याआधी लॅब बघायला माग. मशीन कोणत्या मॉडेलचं आहे ते शेवटी बघ. आधी यूपीएस किती मिनिटं टिकतो ते विचार, खोलीत गारवा सारखा आहे का ते बघ, आणि मग यंत्राची नोंदवही माग. रोज सकाळी हीला नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा ठरलेला क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणीचा, रन लावून किती पेप्टाइड मिळाले याची नोंद सलग असेल, कुठे आकडा घसरला तिथे शाईने कारण लिहिलेलं असेल, तर त्या जागेवर तुझ्याआधी कुणीतरी जीव लावून काम केलं आहे. वहीच नसेल तर पहिला महिना सॅम्पल न घेता ती सुरू करण्यासाठी माग. देतात का ते बघ, आणि मला कळव.

तुझी,
ताई